बहिणीचं वय

नेज्मी हसला. पोलिसानं शेफिकाचं ओळखपत्र उन्हात धरून वाचलं, “मावशी, तुम्ही पासष्टच्या वर. साथीमुळे कालपासून तुम्हांला बाहेर पडायला बंदी आहे, टीव्ही बघत नाही का? चला, घरी चला,” असं म्हणून ते तिच्या हातात परत ठेवलं, आणि शेजारी उभा असलेला तिचा नवरा, आपलं ओळखपत्र खिशात घालता घालता, हसला. खदाखदा नाही, नाकातून, एवढंसं. पण उभा संसार एका माणसाबरोबर काढला की त्याचं नाकातलं हसूही ओळखू येतं. त्याला पासष्ट पुरी व्हायला अजून दोन महिने होते. म्हणजे सरकारदरबारी तो अजून जवान गडी आणि ती म्हातारी. बसथांब्याच्या कट्ट्यावर दोन रिकामटेकडी पोरं बसली होती, त्यांतल्या एकानं फोन तिच्याकडे रोखला. “पळ मावशे पळ, यमदूत आला,” असं तो ओरडला, आणि दुसरा पोट धरून हसायला लागला. त्या पोरांचं तिला काही वाटलं नाही. पोरं काय, उनाडच असतात, त्यांच्या आया त्यांना बघून घेतील. पण नेज्मीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, लहान मुलाला शाळेत ढकलताना ठेवतात तसा, आणि म्हणाला, “तू घरी जा. मी जाऊन आणतो रंग.”

रंग निळा आणायचा होता. अकचायच्या घराच्या खिडक्यांची लाकडी दारं यंदा निळी करायची, हे तिनं हिवाळ्यातच ठरवून टाकलं होतं. समुद्रापासून एक गल्ली आत असलेलं ते दोन खोल्यांचं घर सोसायटीत घेतलं त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण त्यात ती राहिली ती उन्हाळ्यातले मोजके दिवस, तेही पाहुण्यांच्या पंगती वाढत. नेज्मी शाळेची गाडी चालवायचा, त्याला जुलैपर्यंत सुट्टी नसे. आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती, तिला सोडून जायची सोय नव्हती. नेज्मीनं गेल्या पानगळीत गाडी विकली. सासू थंडीत गेली. चाळिसाव्याचं हलव्याचं पातेलं घासून पालथं घातलं त्या दिवशी शेफिका स्वयंपाकघरातच खाली बसली आणि म्हणाली, “आता एप्रिल लागला की निघायचं. पहिली थंडी पडेपर्यंत परत यायचं नाही.” नेज्मी म्हणाला, “तू म्हणशील तसं, माझ्या सुलताने.” बाजारातून तिनं एक पोहायचा पोशाख आणला, गडद निळा, हातपाय झाकणारा. समुद्रात ती आजवर गुडघ्यापर्यंत गेली होती, त्यापुढे कधी नाही. नेज्मीनं तो पोशाख दोन बोटांत धरून उंचावला होता. “या वयात?” “कुठल्या वयात?” असं तिनं विचारलं होतं, आणि दोघंही हसली होती, कारण त्या घरात तो जुना विनोद होता.

जुना विनोद असा, की शेफिकाचं वय शेफिकाचं नव्हतं. ते तिच्या मोठ्या बहिणीचं होतं. तोकातच्या डोंगरात त्यांचं गाव. मूल झालं की बापानं कधीतरी तालुक्याला जायचं आणि नाव नोंदवून यायचं. जायचं म्हणजे खेचरावरून दीड दिवसाची वाट, तेव्हा लोक दुसरं काही काम निघेपर्यंत थांबत. पहिल्या मुलीचं नाव बापानं उत्साहानं लगेच नोंदवलं, शेफिका. ती दोन वर्षांची असताना गोवरानं गेली. मेलेलीचं नाव खोडायला कोण जातंय? आणि मग ही झाली तेव्हा बाप म्हणाला, एक मुलगी कागदावर आहेच, एक घरात आहे, हिशेब बरोबर. असं पुष्कळांच्या घरात झालं होतं, त्या गावात निम्मी माणसं कुणाच्या ना कुणाच्या मापाचे कपडे घालून फिरत होती. सगळे तिला शेफिका म्हणत. फक्त आई म्हणत नसे. आईनं त्या नावाची एक मुलगी मातीत ठेवली होती, तेच नाव दुसरीच्या अंगावर टाकायला तिची जीभ वळली नाही. ती ‘पोरी’ म्हणायची. पोरी पाणी आण, पोरी चूल पेटव. शेवटची भेट झाली तेव्हासुद्धा इस्पितळाच्या खाटेवरून, “आलीस का पोरी?” लहानपणी शेफिकाला वाटायचं आई आपल्यावर रागावलेली आहे. आता बसथांब्यावरून परतून जिना चढताना, एकेका पायरीवर थांबत, तिला वाटलं की त्या सगळ्या गावात खरं बोलणारी ती एकटीच होती.

ओळखपत्रातल्या त्या तीन वर्षांचा आयुष्यभर काही ना काही हिशेब होत राहिला. वर्गात ती सगळ्यांत बुटकी आणि कागदावर सगळ्यांत थोरली. मास्तर म्हणायचे, एवढी घोडी झालीस आणि बेरीज येत नाही. पाचवीला ती पहिली आली तेव्हा तेच मास्तर घरी आले होते, हिला तालुक्याच्या शाळेत पाठवा म्हणून. बापानं त्यांना ताक पाजलं, आदरानं वाटेला लावलं, आणि काही वर्षांनी कागदावर अठरा भरताच तिला देऊन टाकलं. खरी ती पंधराची होती. पुढे इस्तंबूलला शिवणाच्या कारखान्यात कॉलर शिवताना मात्र त्या तीन वर्षांनी हात दिला. बरोबरीच्या बायका अजून यंत्रावर वाकलेल्या आणि हिला पेन्शन लागली. “मेलेल्या बहिणीच्या टाळूवरचं लोणी खातेस गं,” असं इस्त्रीवरची नुरहान तोंडावर म्हणाली होती, आणि शेफिकानं तेही हसून घेतलं. नोकरी सुटताना हातात आलेला सगळा पैसा अकचायच्या घरात गेला. त्याच महिन्यात सासू पडली, खुब्याचं हाड मोडलं. नेज्मी म्हणाला, “बरं झालं, तू आता मोकळीच आहेस.” मोकळी! त्या मोकळेपणात तिनं म्हातारीची कूस दर दोन तासांनी बदलली, पाठीला पावडर लावली, बेडपॅन उचलली, आणि लवकर पेन्शन मिळाली म्हणून नशीबवान म्हणवून घेतलं.

नेज्मी रंगाचे डबे घेऊन आला, सोबत गरम पाव आणि बाहेरची बातमी. दोन दिवस घरात पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा फिरला. तिसऱ्या दिवशी चहा ढवळत म्हणाला, “मी काय म्हणतो, मी पुढं होऊन घर उघडतो. पाण्याची टाकी धुतो, अंजिराला आळं करतो. तोवर तुमचं हे उठेल. आठवडाभराचा तर प्रश्न आहे.”

“तुमचं हे म्हणजे?”

“म्हाताऱ्यांचं गं.” पुन्हा ते नाकातलं हसू. “अगं, चेष्टा केली.”

“दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं.”

“मग दोघांनी मिळून इथं कुजायचं का? एकानं तरी जावं. मी काय हवापालटाला चाललोय? कामाला चाललोय.”

ती म्हणाली जा. तिला जाऊ नको म्हणायचं होतं. पण जन्मभर तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते आणि जे आत राहिलं ते, यांची कधी गाठच पडली नव्हती. त्याच्या पिशवीत तिनं चीज भरलं, लोणच्याची बरणी भरली, दोन उबदार बनियन भरले. रंगाचे डबे त्यानं स्वतःच बांधून घेतले. आपला पोहायचा पोशाखही भरायला घेतला आणि पुन्हा कपाटात ठेवला. तो गेला, आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला परवाना लागेल असं जाहीर झालं, मग इस्तंबूलच्या वेशीच बंद झाल्या. नेज्मीचा फोन आला. आवाज दुःखी काढला होता, पण दुःख त्याला नीट जमत नसे. “अडकलो बघ,” तो म्हणाला. मागं कोंबडा आरवत होता.

मग सुरू झाले ते दिवस, ज्यांना पुढं सगळे ‘तो काळ’ म्हणणार होते. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून शेफिका दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, खालचा वाणी इस्मत तीत पाव, अंडी, कांदे ठेवायचा आणि वर बघून ओरडायचा, “मावशी, ओढा!” ती ओढायची. पहिल्यांदा तिला मजा वाटली, दुसऱ्यांदा वाटलं आपण विहिरीवर आहोत, नंतर वाटलं विहिरीत आहोत. नगरपालिकेची गाडी भोंगा लावून फिरायची, ‘प्रिय ज्येष्ठांनो, आम्ही तुमच्या प्रेमापोटीच.’ प्रेमापोटी! प्रेमापोटी कुणाला कोंडून ठेवायचं ही रीत तिला चांगली ओळखीची होती, तिच्या बापालाही हेच प्रेम होतं. तिनं खिडकी आपटून बंद केली, काच तडकली, मग त्या तडकलेल्या काचेला चिकटपट्टी लावत बसली. घरात बोलायला कुणी नव्हतं. मुलगा जर्मनीत, तो रविवारी फोन करून “आई, बाहेर नको हं पडू” एवढंच म्हणे, जशी काही ती रोज नाचायला जात होती. राग कुणावर काढायचा? राग ही घरातली एकच ताजी वस्तू होती. ती पहाटे उठून फरशी घासायची, दुपारी तीच फरशी पुन्हा घासायची. सासूची खाट अजून कोपऱ्यात होती. गादी दिली होती, खाट राहिली होती, तिच्या लोखंडी पट्ट्यांवर ती उशा वाळत घालायची.

नेज्मी रोज फोन करायचा, चित्राचा. फोन कायम समुद्राकडे धरलेला. “बघ, आज कसा आहे. तेलासारखा.” मग समुद्र हलायचा, त्याच्या हाताबरोबर, आणि मागून त्याचा आवाज, बदाम मोहरून गेले, शेजारच्या हलीलनं मासे दिले, रानभाजी एवढी आली आहे की काय सांगू. त्यांच्या सोसायटीत म्हणे एकही रोगी नव्हता. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तो तिला तिकडून सांगायचा, सफरचंदं व्हिनेगरमध्ये धू, टोपलीची दोरी साबणानं पूस. रमजान लागला. संध्याकाळी तोफेचा आवाज झाला की ती एकटी खजूर तोंडात टाकायची आणि तो तिकडे हलीलच्या अंगणात, ठरावीक अंतर ठेवून, रोजा सोडायचा. तिनं एकदा विचारलं, “परवाना काढून परत येता येत नाही का? लोक येतायत. खालच्या मजल्यावरचे आले.” “कशाला?” तो म्हणाला, आणि तो खरोखर बुचकळ्यात पडला होता. “एक जण तरी सुखात आहे ना आपल्यातला?” रात्रभर ते वाक्य तिच्या कानात माशीसारखं घोंगावत राहिलं. आपल्यातला एक. ती मनातल्या मनात मागं मागं जात राहिली, कारखाना, लग्न, गाव, आणि जिथं जिथं गेली तिथं आपल्यातला एक सुखात होता आणि ती टोपली ओढत होती.

तरी नेज्मीला तिनं एका गोष्टीसाठी कायम सूट दिली होती. नवीन संसाराच्या दुसऱ्या वर्षी, पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा, दाईनं विचारलं होतं, पोरी तुझं खरं वय काय? आणि त्या रात्री शेफिकानं नवऱ्याला रडत रडत सांगितलं होतं की मी अठराची नव्हते, मी पंधराची होते, ते ओळखपत्र बहिणीचं आहे. नेज्मीनं कपाळाला हात लावला होता. “वल्ला, मला ठाऊक असतं तर!” असं म्हणून तो तिच्याबरोबर रडला होता, अगदी खरे अश्रू, मिशीतून ओघळणारे. त्या अश्रूंवर तिनं सगळा संसार उभा केला. बापानं फसवलं, सासूनं डोळेझाक केली, पण हा? हा बिचारा तिच्यासारखाच फसलेला. एका जहाजातली दोन माणसं. त्याचं विसरणं, त्याचं पत्ते कुटणं, त्याच्या आईची कूस, सगळं तिनं त्या एका रात्रीच्या खात्यावर माफ केलं. माणसाला काहीतरी धरून राहावं लागतं. तिनं त्याचं ते न ठाऊक असणं धरलं होतं.

रमजान संपून बायरामची ईद यायला थोडेच दिवस होते तेव्हाची गोष्ट. नेज्मीचा वाढदिवस होता. तिनं स्वतःहून फोन केला, कारण त्या दिवसापासून तोही पासष्टचा झाला होता आणि तिला त्याचा आवाज ऐकायचा होता. या असल्या समाधानाची तिला लाजही वाटली नाही. “या साहेब,” ती म्हणाली, “या आमच्यात. आता फाटकाबाहेर पाऊल टाकलंत तर दंड.”

तो खो खो हसला. त्याला काही फरक पडत नव्हता, अंगणात अंजीर होतं, हलील पाव आणून द्यायचा. “अगं पण तू कशाला बसली आहेस कोंडून? तू खरी बासष्टची. जा, पोलीस चौकीत जाऊन सांग.”

“काय सांगू? मेलेल्या बहिणीच्या ओळखपत्रावर जगते म्हणून?”

“सांग की! अर्ध्या देशाची तीच कथा आहे. साक्षीला मी येतो पाहिजे तर. मला काय, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“तुझं वय गं.” तो रंगात आला होता, वाढदिवस होता, जुन्या गोड आठवणी सांगायचा सूर त्याला लागला होता. “तुला मागायला आलो त्या दिवशी तू दारातच सागरगोटे खेळत होतीस. खरं की नाही? आम्हांला बघून आत पळालीस, हात न धुताच कॉफी घेऊन आलीस. माझ्या बशीवर तुझी मातीची बोटं उठली होती, एवढीशी बोटं! परतताना मी आईला म्हणालोसुद्धा, आई, हे तर पोर आहे. आई म्हणाली, कागदावर थोरली आहे ना, मग झालं. पोर आहे ते बरंच, वळवू तशी वळेल.” आणि तो नाकातून हसला. “आई म्हणजे काय बाई होती!”

शेफिकानं फोन ओट्यावर उपडा ठेवला. तो आतून बोलतच होता, “हॅलो, दिसत नाही काही, हॅलो.” ओट्यावर कणीक मळून ठेवली होती. तिनं ती उचलली आणि भिंतीवर मारली. कणीक क्षणभर चिकटली आणि सावकाश खाली घसरली, आणि ती बघत राहिली. किंचाळावंसं वाटलं, पण भिंती पातळ, शेजारची बाई आजारी. तिनं तोंडात पदर कोंबावा तसा हात कोंबला आणि हाताला चावली. त्याला ठाऊक होतं. कपाळाला हात लावून रडला होता आणि त्याला ठाऊक होतं. बशीवरची बोटं त्याला आठवत होती, इतकी वर्षं, गोड आठवण म्हणून, आणि मधल्या कुठल्याही दिवशी त्याला वाटलं नाही की हे सांगून टाकावं, किंवा निदान कधीच सांगू नये एवढी तरी अक्कल ठेवावी! वळवू तशी वळेल. त्या बाईची कूस शेफिकानं बारा वर्षं वळवली होती, हातांच्या शिरा सुजेपर्यंत, आणि म्हातारी प्रत्येक वेळी म्हणायची, अल्ला तुझं भलं करो, मुली. तिलाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. बापाला, मास्तरांना, दाईला. एकटी तीच समजत होती की नवऱ्याला हे पहिल्यांदा आपण सांगितलं. ती कोपऱ्यातल्या खाटेशी गेली आणि तिच्या पट्ट्यांवरच्या उशा एकेक करून जमिनीवर फेकल्या. मग खाट ओढत, दारातून आडवी करत, कठड्याला धडकवत, जिन्याच्या वळणावर नेऊन उभी केली. खालून इस्मत ओरडला, “मावशी, काय पडलं?” “काही नाही,” ती ओरडली, “सासू!”

त्यानंतर तिनं फोन उचलला नाही. बायराम कडेकोट बंदीत गेला, कुणी कुणाच्या हाताचं चुंबन घ्यायला आलं नाही, तिनं एका ताटलीत स्वतःसाठी बकलावा वाढला आणि उभ्यानंच खाल्ला. त्याच सुमारास जाहीर झालं की पासष्टच्या वरच्यांना आपल्या गावी किंवा उन्हाळी घरी जायला परवाना मिळेल, मात्र एकेरी. पोचलं तिथं निदान महिनाभर राहायचं, परत फिरायचं नाही. सरकारी फोनवरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, “कुठं जायचंय, मावशी?” तोकात म्हणावं, त्या डोंगरात जाऊन त्या दोन वर्षांच्या मुलीच्या मातीशी बसावं, असं शेफिकाच्या मनात येऊन गेलं. पण तिथं आता कोण होतं? आणि त्या मुलीची वर्षं तर तिकडे नव्हतीच, ती विकून शेफिकानं चार भिंती आणि एक अंजीर घेतलं होतं. “अकचाय,” ती म्हणाली. “सोबत कुणी?” “कुणी नाही.”

बसमध्ये एकाआड एक आसन रिकामं होतं. वाहकानं रिवाजाप्रमाणे तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं, आज जरा जास्तच, कोपरापर्यंत ओघळलं. वाटेत जिथं थांबून ताक प्यायचा शिरस्ता, तिथली दुकानं बंद होती, बस न थांबता पुढे गेली. मुखपट्टीत तिचा स्वतःचा श्वास तिलाच परत येत होता, गरम, चिडलेला. तिला वाटलं होतं वाटेत राग निवेल, अंतरानं निवतो म्हणतात. निवला नाही. उलट ऑलिव्हच्या बागा सुरू झाल्या, समुद्राचा पहिला तुकडा दिसला, तसा तो अंगात नीट बसला, नव्या जोड्यासारखा. एवढं सुंदर होतं हे, आणि हे तिला फोनमध्ये दाखवलं जात होतं.

नेज्मी फाटकाच्या आत उभा होता. दाढी वाढलेली, उन्हानं रापलेला, खूश. “ये, ये! थांब, आधी हात धू. बघ, आता दोघं एकाच तुरुंगात.” तिनं वर पाहिलं. खिडक्यांची दारं हिरवी होती. गडद, बाटलीसारखी हिरवी. “अगं, त्या दिवशी दुकानात निळा नव्हता,” तो घाईघाईनं म्हणाला, “म्हटलं हिरवाही बरा दिसतो.” म्हणजे डबे घरात आणले तेव्हापासून हिरवा होता. आणि म्हणून फोन कायम समुद्राकडे. तिनं पिशवी व्हरांड्यात ठेवली, नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. त्यानं चहा आणला, अंजिराखाली खुर्ची ओढली.

“तुला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“काय? रंगाचं?”

“मी पोर होते ते.”

“या अल्ला, अजून तेच धरून बसली आहेस? म्हणून फोन उचलत नव्हतीस?” त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. “मी तरी केवढा होतो? सतरा संपलेली. आईपुढं बोलायची माझी टाप होती का?”

“तेव्हा नव्हती. पुढच्या वर्षी, मी रडून सांगितलं तेव्हा? तू कपाळाला हात लावलास.”

अंजिराचं पान नेज्मीनं बोटांत फिरवलं. मग अगदी खऱ्या आवाजात, तिला क्वचितच ऐकू आलेल्या आवाजात, म्हणाला, “तुला बरं वाटावं म्हणून.”

“वाटलं,” ती म्हणाली. “तेच तर. जन्मभर बरं वाटलं. त्यावर तुझ्या आईचं हगणंमुतणं काढलं मी.” तिचा आवाज चढला होता आणि इथल्या भिंती दूर दूर होत्या. “उद्या फोन लाव आणि परवाना काढ. इस्तंबूलचा. एकेरी मिळतो, महिनाभर तिथून हलता येत नाही. टोपली खिडकीत आहे, दोरी मजबूत आहे. खाट जिन्यात उभी आहे, ती तेवढी कुणाला तरी देऊन टाक.”

तो हसला. नाकातून, एवढंसं. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू अर्ध्यातच थांबलं. “अगं, माझं घर आहे हे.”

“माझ्या बहिणीचं आहे,” शेफिका म्हणाली, आणि पिशवी घेऊन आत गेली, तिच्यातला तो निळा पोशाख घालून बाहेर आली, वर तिचा जुना झगा. फाटकाची कडी काढली.

“कुठं निघालीस? बंदी आहे! रविवारशिवाय सोडत नाहीत आपल्याला.”

“तू घरात थांब,” ती म्हणाली. “मी जाऊन येते.”

गल्ली संपली की लगेच वाळू. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, फक्त एक शिपाई, कोवळा, मुखपट्टीच्या वर कान लाल झालेले. तो धावत आला. “मावशी, मावशी! वय काय तुमचं?”

“बासष्ट.”

“ओळखपत्र?”

“आहे, घरी पिशवीत. पण ते माझ्या मोठ्या बहिणीचं आहे.”

“मग बहीण कुठं आहे?”

“ती दोन वर्षांची असताना वारली, बाळा,” असं म्हणून तिनं झगा त्याच्या हातात दिला, जणू तो त्यासाठीच तिथं ठेवलेला होता, आणि पाण्यात शिरली. मे महिन्याचं पाणी अजून गार होतं, घोट्यांना झोंबत होतं. गुडघ्यांपर्यंत आलं, तिथवरची वाट तिला ठाऊक होती. त्यापुढे ती रागारागानं गेली, पाणी दोन्ही हातांनी मागं ढकलत. कमरेपर्यंत आल्यावर थांबली आणि पाय वाळूत घट्ट रोवले. मागं शिपायानं शिट्टी फुंकली, बिचकत, एकदाच. आणि गल्लीच्या टोकाकडून, फाटकाच्या आतून, नेज्मी हाका मारायला लागला, “शेफिका! ए शेफिका! परत ये!” ती त्या नावाकडे वळली नाही. ते जिचं होतं तिला त्यानं पोटभर हाका माराव्यात. ती पाण्यात उभी राहिली.